खोक्यावरचे वॅट आणि खोलीतले वॅट

घरातल्या फळीवर ठेवायच्या दोन लहान स्पीकरांसाठी स्वस्तातला अॅम्प्लिफायर घ्यायचा म्हटले, की बोदवडचे गिऱ्हाईक भुसावळ-जळगावच्या दुकानात जाते, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोणाकरवी मागवते, नाहीतर घरबसल्या मागणी नोंदवते. वाट कोणतीही असो, सर्वांत आधी समोर येते ती एक संख्या. खोक्यावर, जाहिरातीत, दुकानदाराच्या तोंडी तीच असते: १०० वॅट, ५०० वॅट, ३००० वॅट. संख्या मोठी आणि किंमत लहान असेल तर सौदा चांगला, असे समजून गिऱ्हाईक मोकळे होते.

समीक्षा पुस्तकाची होते, नाटकाची होते. खोक्यावर छापलेल्या मजकुराचीही ती व्हायला हवी, कारण तो मजकूर पुष्कळ लोक वाचतात आणि त्यावर विश्वासून पैसे मोजतात. शिवाय या मजकुरात वापरलेले वॅट हे एकक आपण वर्गात शिकवतो. फळ्यावर वॅटचा एक अर्थ आणि बाजारात दुसरा, असे चालू राहिले तर विद्यार्थी शेवटी फळ्यावरचा अर्थ परीक्षेपुरता ठेवतील. म्हणून या संख्येला आम्ही चार साधे प्रश्न विचारणार आहोत. ही शक्ती येते कुठून? आपल्या खोलीला ती लागते किती? आतल्या चकतीला ती झेपते किती? आणि खानदेशच्या उन्हाळ्यात तिचे काय होते?

शक्ती येते कुठून?

अॅम्प्लिफायर म्हणजे विवर्धक. मोबाइल, रेडिओ किंवा संगणकातून येणारा विद्युत संकेत इतका दुबळा असतो, की त्याने स्पीकरचा पडदा हलत नाही. विवर्धक त्या संकेताला स्वतःची ऊर्जा देत नाही. भिंतीतल्या विजेकडून आलेली ऊर्जा तो संकेताच्या चढउतारांप्रमाणे स्पीकरकडे सोडतो. केळीच्या बागेतला पाण्याचा कॉक फिरवायला हाताचा जोर थोडाच लागतो, पाणी येते ते टाकीतून. टाकीत असेल त्याहून जास्त पाणी कॉक देऊ शकत नाही.

येथेच पहिली कसोटी मिळते. यंत्राच्या पाठीमागे एक छोटी पट्टी असते. तिच्यावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि विजेचा खप लिहिलेला असतो. दर्शनी बाजूला ३००० वॅट आणि पाठीमागे खप ६० वॅट, असे यंत्र हाती आले तर काय समजायचे? आत जाणारी शक्ती ६० वॅट. तिच्यातली काही उष्णतेत जाणार. उरलेली, म्हणजे फार तर ४०-५० वॅट, सर्व स्पीकरांत मिळून वाटली जाणार. आतल्या धारित्रांत म्हणजे कपॅसिटरांत थोडी ऊर्जा साठलेली असते, त्यामुळे क्षणभर याहून जास्त शक्ती निघू शकते. परंतु सेकंदाच्या अल्पशा अंशात मिळणाऱ्या शक्तीला यंत्राची क्षमता म्हणणे म्हणजे भुईचक्राच्या उजेडाने रस्त्यावरच्या दिव्याचे मोल ठरवण्यासारखे आहे.

ते ३००० वॅट बहुधा पीएमपीओ या अक्षरांसह छापलेले असतात. या चार अक्षरांचा विस्तार ऐकायला भारदस्त आहे, पण ही राशी कशी मोजायची याची सर्वमान्य व्याख्या नाही. मोजमापाची रीत ठरलेली नसेल, तर संख्या कितीही मोठी छापता येते आणि ती खोटीही ठरवता येत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा दोष आहे.

ही फसगत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत घरगुती अॅम्प्लिफायरांच्या जाहिरातींत वॅटचा असाच सुकाळ झाला होता. तेथील व्यापार आयोगाने १९७४ मध्ये नियम लागू केला. त्यानुसार जाहिरातीत शक्ती सांगायची असेल, तर ती किती ओहमच्या भारावर, कोणत्या वारंवारितेच्या पट्ट्यात आणि किती विरूपणापर्यंत मोजली ते सांगणे भाग पडले. २०२४ मध्ये हा नियम आणखी घट्ट केला गेला. आता तेथे मोजणी ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात आणि विरूपण १ टक्क्याच्या आत ठेवून करायची आहे. नियम अमेरिकेचा असला तरी त्यातले तीन प्रश्न बोदवडच्या गिऱ्हाइकाने विचारायला हरकत नाही: किती ओहमवर? कोणत्या पट्ट्यात? किती विरूपणाला?

येथे प्रामाणिक समजल्या जाणाऱ्या दुसऱ्या शब्दाचीही झडती घेऊ. आरएमएस वॅट असे सर्रास लिहितात. आरएमएस ही विभवांतराची किंवा धारेची सरासरी काढण्याची रीत आहे. त्या विभवांतराचा वर्ग करून रोधाने भागले, की येते ती सरासरी शक्ती. म्हणून आरएमएस वॅट हा शब्दप्रयोग काटेकोर नाही. मात्र त्यामागचा हेतू चांगला आहे: सतत देता येईल ती शक्ती. पीएमपीओपेक्षा त्यावर नक्कीच अधिक विश्वास ठेवता येतो.

खोलीला लागते किती?

फळीवर ठेवायच्या लहान स्पीकराच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता नावाची संख्या असते. ती ८६ डेसिबल आहे असे धरू. याचा अर्थ, ८ ओहमच्या त्या स्पीकराला १ वॅट दिला तर समोर १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. आपण बसणार सुमारे २ मीटरवर. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे ८० डेसिबल. स्पीकर दोन आहेत म्हणून ३ मिळवू, झाले ८३. भिंतींवरून परतणारा आवाज यात आणखी भर घालतो. सिमेंटचा गिलावा आणि फरशी असलेल्या खोलीत तो अधिक, गाद्या-गोधड्यांनी भरलेल्या धाब्याच्या घरात कमी. ती भर आपण हिशेबात धरणार नाही.

आता घरात गाणे ऐकताना सरासरी पातळी ७३ डेसिबल ठेवली, तर ती साध्या बोलण्याहून बरीच मोठी आहे, पण सुखाची आहे. ८३ वरून ७३ म्हणजे १० डेसिबल खाली, म्हणजेच शक्ती दहापटीने कमी. प्रत्येक स्पीकरला लागला ०.१ वॅट! संगीतात मात्र तबल्याची थाप किंवा ढोलाचा ठोका सरासरीहून पुष्कळ वर उसळतो. या उसळीसाठी २० डेसिबल राखून ठेवू. २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. ०.१ चे शंभरपट, १० वॅट. यावर आणखी दुपटीची सोय ठेवली तरी एका स्पीकरमागे २० वॅट होतात.

हा हिशेब डोळ्यांखालून घातला की दोन गोष्टी उलगडतात. पहिली, ३० वॅटऐवजी ६० वॅटचा अॅम्प्लिफायर घेतला तर मिळणारी वाढ केवळ ३ डेसिबलची असते. ती कानाला जाणवते, पण आवाज दुप्पट झाल्यासारखा मुळीच वाटत नाही. तसे वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. दुसरी, ८६ ऐवजी ८९ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निवडला तर तेवढीच वाढ विजेचा एकही जादा वॅट न खर्चता मिळते. उलट ८३ डेसिबलचा मंद स्पीकर घेतला, तर आपल्या १० वॅटचे २० होतात. म्हणून अॅम्प्लिफायर निवडण्याआधी स्पीकरचे माहितीपत्रक वाचावे. पैसे मोजके असतील तर त्यांतला मोठा वाटा स्पीकरवर खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आवाजात खरा फरक स्पीकर पाडतो.

लग्नाच्या वरातीतल्या डीजेच्या भिंती पाहून वॅट म्हणजे प्रतिष्ठा अशी समजूत गावोगाव रुजली आहे. त्या भिंतींना उघड्या रस्त्यावर शेकडो माणसांपर्यंत आवाज न्यायचा असतो. दहा-बारा फुटांच्या खोलीचे गणित निराळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळी आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानली जाते, मुलांसाठी ती मर्यादा ७५ डेसिबलची आहे. घरात मुले असतील, तर जादा वॅट वापरायला जागाच उरत नाही.

चकतीला झेपते किती?

आजच्या स्वस्त अॅम्प्लिफायरचे काळीज म्हणजे बोटाएवढी एक संकलित मंडल चकती, ज्याला सगळे आयसी म्हणतात. यंत्रावर कंपनीचे नाव कोणतेही असो, आत बहुधा मोजक्या आयसींपैकीच एखादी असते. त्यांची माहितीपत्रके कोणालाही वाचायला मिळतात, आणि ती खोक्यापेक्षा खूपच प्रामाणिक असतात.

टीडीए २०३० ही जुनी, स्वस्त आयसी. संगणकासोबत मिळणाऱ्या असंख्य स्पीकरांत ती सापडते. अधिक-उणे १४ व्होल्टांवर ४ ओहमला १२ वॅट आणि ८ ओहमला ८ वॅट, एवढीच तिची हमी आहे. आपल्या खोलीला लागणाऱ्या १० वॅटपेक्षा हे केवळ १ डेसिबलने कमी! लोक हिला खेळणे समजतात, पण छोट्या खोलीत, मध्यम आवाजात ती बरेचसे काम भागवते.

टीडीए ७२९४ च्या माहितीपत्रकाच्या डोक्यावर १०० वॅट असे छापलेले आहे. आतल्या कोष्टकात मात्र दोन ओळी आहेत. ८ ओहमवर, ०.५ टक्का विरूपणाला सतत ७० वॅट. आणि १० टक्के विरूपणाला १०० वॅट. दहा टक्के विरूपण म्हणजे स्वराचे शेंडे छाटले गेलेले असतात. ते आवाज नुसता कर्कश वाटतो म्हणून नव्हे, तर छाटलेल्या लहरीतून निर्माण होणारे उच्च स्वर लहान स्पीकराच्या नाजूक ट्वीटरला जाळू शकतात म्हणूनही टाळायचे. येथे निर्मात्याने लपवाछपवी केलेली नाही. दोन्ही ओळी छापल्या आहेत. विक्रेता त्यांतली मोठी तेवढी उचलतो.

एलएम ३८८६ ही हौशी जोडणाऱ्यांची आवडती आयसी. अधिक-उणे २८ व्होल्टांवर ती ४ ओहमला ६८ वॅट आणि ८ ओहमला ३८ वॅट देते. एकच आयसी, एकच वीजपुरवठा, पण दोन आकडे. खोक्यावर कोणता छापला जाईल, हे सांगायला नको. आपला स्पीकर ८ ओहमचा असेल तर ६८ हा आकडा आपल्या कामाचा नाही.

आता सध्याच्या सर्वांत खपणाऱ्या प्रकाराकडे येऊ. टीपीए ३११६ ही डी वर्गाची आयसी आहे. डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी नंतरचे ते अक्षर आहे, एवढेच. या पद्धतीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा कधी राहत नाही. तो सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू-पूर्ण बंद होतो आणि चालू राहण्याच्या काळाच्या प्रमाणातून स्वर घडतो. पूर्ण चालू आणि पूर्ण बंद या दोन्ही स्थितींत ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता फार कमी होते, म्हणून कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात जाते. ही खरी प्रगती आहे, आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे.

पण हिच्या तयार पाट्यांवर १०० वॅट अधिक १०० वॅट असे जे लिहिलेले असते, ते तपासा. त्यासाठी आयसीचे माहितीपत्रकही लागत नाही, नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरते. या मांडणीत स्पीकरच्या दोन टोकांत जास्तीत जास्त पुरवठ्याएवढेच विभवांतर उभे राहू शकते. ज्या लहरीचे शिखर तेवढे आहे, तिची सरासरी शक्ती म्हणजे पुरवठ्याच्या व्होल्टांचा वर्ग भागिले रोधाची दुप्पट. ८ ओहमच्या स्पीकरसाठी १६ ने भागायचे.

पुरवठा १२ व्होल्ट: १४४ भागिले १६, म्हणजे ९ वॅट.
पुरवठा १९ व्होल्ट: ३६१ भागिले १६, म्हणजे साडेबावीस वॅट.
पुरवठा २४ व्होल्ट: ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॅट.

ही आदर्श मर्यादा आहे, प्रत्यक्षात थोडे कमीच मिळते. १०० वॅट येतात ते दोन्ही विभाग जोडून एकच केले आणि २ ओहमचा स्पीकर लावला तर. तसा स्पीकर आपल्या फळीवर नसतो. शिवाय पाटीसोबत १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॅप्टर मिळाला असेल, तर आत जाणारी एकूण शक्तीच २४ वॅट आहे. २४ मधून २०० काढणारे यंत्र निघाले, तर दीपनगरचे औष्णिक केंद्र बंद करून कोळसा वाचवता येईल!

याच हिशेबाने एक सोयीची गोष्टही हाती लागते. पुष्कळ घरांत आणि शाळांत जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा ॲडॅप्टर पडून असतो. त्याची क्षमता ६५ वॅट. ही आयसी २६ व्होल्टांपर्यंत चालते, म्हणजे १९ व्होल्ट तिला सहज पेलतात. प्रत्येक स्पीकरला सुमारे २० वॅट मिळतात आणि आपल्या खोलीचा हिशेब बरोबर जुळतो. ॲडॅप्टर धडका आहे ना, त्याची वायर सोललेली नाही ना, हे मात्र आधी पाहावे.

खानदेशचा उन्हाळा

आतापर्यंतचा हिशेब पुण्यातही लागू पडला असता. पण बोदवड-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि माहितीपत्रकातले आकडे बहुधा २५ अंश गृहीत धरतात.

जुन्या एबी वर्गाच्या आयसीत, अधिक-उणे २५ व्होल्टांच्या पुरवठ्यावर आणि ८ ओहमच्या भारावर, सर्वांत वाईट स्थितीत सुमारे १६ वॅट उष्णता तयार होते. दोन विभागांची मिळून ३२ वॅट. ही उष्णता ॲल्युमिनियमच्या पंख्यांची पट्टी, म्हणजे हीटसिंक, हवेत सोडते. हीटसिंक ७० अंशांपलीकडे जाऊ द्यायचे नाही असे ठरवले, तर २५ अंशांच्या खोलीत तापमानवाढीला ४५ अंश वाव आहे. बंद कपाटात ४५ अंश असतील तर वाव उरतो २५ अंशांचा. म्हणजे प्रत्येक वॅटमागे तापमानवाढ १.४ अंशांऐवजी ०.८ अंशाच्या आत ठेवायला हवी. उष्णता बाहेर टाकण्याची हीटसिंकची ताकद सुमारे १.८ पट पाहिजे. मुंबईच्या जोडणाऱ्याने तेथल्या हिशेबाने बसवलेली पट्टी येथे अपुरी पडणे स्वाभाविक आहे.

मोठ्या वॅटचा मोह येथे दुहेरी महाग पडतो. तीच जोडणी ७० वॅटसाठी अधिक-उणे ३५ व्होल्टांवर नेली, तर सर्वांत वाईट स्थितीतली उष्णता ३२ वरून ६२ वॅटवर जाते. मिळकत काय? जेमतेम तीन-चार डेसिबल, ज्यांचा उपयोग आपल्या खोलीत होणारच नाही. याउलट डी वर्गाची आयसी स्पीकरला २० वॅट देताना स्वतः दोन-तीन वॅटच तापते. संगीतात सरासरी शक्ती त्याहून फार कमी असते, त्यामुळे प्रत्यक्षात ती कोमटच राहते. मुंबई-पुण्यात या दोन वर्गांतली निवड आवडीची बाब ठरू शकेल. खानदेशात डी वर्गाचे पारडे उष्णतेनेच जड केले आहे.

उष्णतेचा दुसरा बळी म्हणजे विद्युत अपघटनी कपॅसिटर. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. त्याच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश असे छापलेले असते. दर थोडा जास्त पडला तरी १०५ चे घ्यावेत. यंत्र बंद कपाटात ठेवू नये. आणि कापसाच्या हंगामात हवेत उडणारा तंतू व धूळ जाळीवर बसून वारा अडवते, म्हणून महिन्यातून एकदा वीज बंद करून जाळी ब्रशने झाडावी.

विजेच्या चढउताराचेही असेच. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या साध्या यंत्रात भिंतीतले २३० व्होल्ट १८० वर उतरले, तर आतला पुरवठा त्याच प्रमाणात उतरतो, आणि शक्ती वर्गाच्या प्रमाणात: मूळच्या सुमारे ६१ टक्के. २६० वर चढले तर आतले २५ व्होल्ट २८ होतात. अशा वेळी २५ व्होल्टांचा कपॅसिटर लावून जोडणाऱ्याने पैसे वाचवले असतील, तर तो फुगतो किंवा फुटतो. तेथे ३५ व्होल्टांचाच हवा. ॲडॅप्टर मात्र बहुधा १०० ते २४० व्होल्टांपर्यंत स्थिर पुरवठा देतो. येथेही तराजू त्याच बाजूला झुकतो.

शाळेचा अॅम्प्लिफायर घरी आणावा का?

पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि स्नेहसंमेलनाला जो अॅम्प्लिफायर टेबलावर येतो, तो बहुतेक शाळांत आहुजाचा किंवा त्याच धर्तीचा असतो. मजबूत आणि दुरुस्तीला सोपा असल्याने घरीही तोच लावावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. तो यंत्राच्या निंदेचा विषय नाही, पण त्याचे काम वेगळे आहे. मैदानावर लांबवर तारा न्यायच्या असतात म्हणून त्याला १०० व्होल्टांची जोडणी दिलेली असते. ३० वॅट शक्ती १०० व्होल्टांवर पाठवली तर धारा ०.३ अँपिअर लागते. तीच ८ ओहमवर थेट पाठवली तर १.९ अँपिअर. तारेतली हानी धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे चाळीसपट होते. दीपनगरची वीज उच्च दाबाने दूर पाठवतात, त्यामागचे कारण हेच.

पण घरचा ८ ओहमचा स्पीकर चुकून त्या १०० व्होल्टांच्या टोकांना जोडला, तर गणिताने त्याची मागणी होते १०० चा वर्ग भागिले ८, म्हणजे १२५० वॅट. एवढे देणे यंत्राला शक्य नाही. त्या प्रयत्नात स्पीकर, अॅम्प्लिफायर किंवा दोन्ही बिघडतील. जोडायचेच तर ८ ओहम लिहिलेल्या टोकांना जोडावे. तरीही भाषणाच्या स्पष्टतेसाठी घडवलेल्या यंत्राकडून घरगुती संगीताची अपेक्षा माफकच ठेवावी.

कानांची साक्ष

येथवर आम्ही केवळ मापांविषयी बोललो. यावर रसिकांचा एक ठरलेला आक्षेप असतो: माप काहीही सांगो, आमच्या कानांना फरक कळतो. मग उबदार, कोरडा, मोकळा, खोल अशी विशेषणे येतात. कानांना आम्ही कमी लेखत नाही. शेवटी ऐकायचे कानांनीच आहे. पण साक्ष घेण्याची रीत असते.

इंग्लंडमध्ये १९७८ साली जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीचे तीन अॅम्प्लिफायर घेऊन अशी साक्ष घेतली. एक व्हॉल्व्हचा, दोन ट्रान्झिस्टरचे, तीन वेगवेगळ्या काळांतले. आवाजाची पातळी काळजीपूर्वक समान केली आणि कोणता चालू आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितले नाही. ऐकणाऱ्यांची उत्तरे नाणे उडवून आलेल्या उत्तरांपेक्षा वेगळी निघाली नाहीत. यातून सर्व अॅम्प्लिफायर सारखे, असे सिद्ध होत नाही. तिन्ही यंत्रे चांगली होती आणि आपल्या मर्यादेत चालवली जात होती. अशा अटीत नाव झाकले तर फरक विरतो, एवढेच सिद्ध होते. आणि दुकानातल्या तुलनेत नेमकी हीच अट पाळली जात नाही. जो किंचित मोठ्याने वाजतो, तो चांगला वाटतो.

स्वस्त अॅम्प्लिफायरांत ऐकू येणारे फरक असतात, हेही मान्य केले पाहिजे. गाणे थांबवल्यावर ऐकू येणारी घरघर, स्पीकरला कान लावल्यावर येणारी सळसळ, चालू-बंद करताना बसणारा धक्का, मोठ्या आवाजात येणारा चिरका फाटकेपणा. हे दोष कानाला लगेच कळतात आणि त्यांना विशेषणांची गरज लागत नाही. दुकानात विशेषणे ऐकत बसण्यापेक्षा या चार दोषांसाठी पाच मिनिटे द्यावीत.

वर्गात काय करता येईल?

मल्टिमीटरवर २० व्होल्टांपर्यंतचा प्रत्यावर्ती पल्ला असेल, तर १०० हर्ट्झचा शुद्ध स्वर नेहमीच्या आवाजात वाजवून स्पीकरच्या दोन टोकांतले विभवांतर मोजावे. समजा १.२ व्होल्ट आले. वर्ग १.४४, भागिले ८, म्हणजे ०.१८ वॅट. स्पीकरचा रोध वारंवारितेप्रमाणे बदलतो, म्हणून हे उत्तर अंदाजाचे आहे. पण ०.१८ आणि ३००० यांमधला फरक दाखवायला तेवढा अंदाज पुरतो. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या यंत्रांच्या पाठीमागची पट्टी वाचून खपाचा आकडा आणि दर्शनी आकडा शेजारी शेजारी लिहून आणावेत. खोके उघडू देऊ नये. आत २३० व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो.

आमचा निवाडा असा. दहा-बारा फुटांच्या खोलीसाठी, ८६ डेसिबल किंवा अधिक संवेदनशीलतेच्या ८ ओहमच्या दोन स्पीकरांसाठी, प्रत्येकी २० ते ३० खऱ्या वॅटचा डी वर्गाचा अॅम्प्लिफायर घ्यावा. त्याला १९ ते २४ व्होल्टांचा, निदान ६० वॅटचा चांगला ॲडॅप्टर असावा. एबी वर्गाचे घ्यायचे असेल तर ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक हातात तोलून पाहावेत. तेथे वजनाला अर्थ आहे. उरलेले पैसे स्पीकरवर घालावेत. आणि दुकानदाराने ३००० वॅट सांगितले, तर यंत्र उलटे करून पाठीमागची पट्टी मोठ्याने वाचावी. सोबत विद्यार्थी असेल तर त्यालाच वाचू द्यावी.